सात नंबरचा गारवा

१

उन्हाळ्यात मुहन्नाचं काम पहाटेच्या बांगेला सुरू व्हायचं आणि ऊन डोक्यावर यायच्या आत आटपायचं. काम म्हणजे डबे गार ठेवणं. टेकाडाटेकाडावर माणसाच्या उंचीचे पांढरे लोखंडी डबे उभे होते, प्रत्येकाच्या शेजारी एकेक मनोरा. मस्कतमधला नवरा गावाकडच्या बायकोशी फोनवर भांडतो, ते भांडण या डब्यांतून जातं. डबा तापला की आतली यंत्रं आपोआप बंद पडतात आणि तीन खोऱ्यांतले फोन मुके होतात. म्हणून दाराच्या जाळीतला धूळ अडवणारा, गच्च झालेला फेल्ट काढायचा, गाडीच्या टायरवर आपटून झटकायचा, पंख्याच्या पात्यांतली वाळू ब्रशनं काढायची, दाराचं रबर तडकलंय का, खालच्या बॅटऱ्या फुगल्यात का बघायचं, आणि पुढच्या डब्याकडे निघायचं.

ठेका जहरानमामाचा. मामा शेजारच्या सीटवर काहव्याचा, म्हणजे वेलदोड्याच्या कॉफीचा, थर्मास मांडीत धरून बसायचा आणि काचेतून हुकूम सोडायचा. "नीट झटक. तुझ्या भावाचा हात बघितला असतास!" गाडीतून तो उतरायचा नाही. गाडीचं इंजिनही बंद व्हायचं नाही. उन्हाळ्यात तिथं कुणीच बंद करत नाही. दुकानात जा, नमाजाला जा, मयताला जा, गाडी दाराशी गुरगुरत उभी, आत एसी चालू. बंद केली तर परत येऊन बसणार कुठं? तव्यावर?

मुहन्नानं इब्रीचं तांत्रिक कॉलेज सोडलं होतं. मास्तरांना तोंडावर मूर्ख म्हणाला आणि उठून आला. ही नोकरी त्याला मिळाली ती मात्र वेगळ्या कारणानं. थोरला भाऊ सुहैल गेल्या जुलैत नाहीसा झाला, त्याची जागा रिकामी होती.

सगळे डबे व्हायचे, फक्त सात नंबर सोडून. वाट फुटायची तिथं मामा हात हलवायचा. "सात बरा आहे. पुढं चल."

बरा असलेला डबा मुहन्नानं आजवर पाहिला नव्हता. डबे कमी आजारी किंवा जास्त आजारी असतात. आणि गोदामात एक नवा कोरा पंखा खोक्यात पडून होता. खोक्यावर मामाच्याच अक्षरात लिहिलेलं: सात.

म्हाताऱ्यानं पंख्याचे पैसे उचललेत आणि पंखा बसवलाच नाही, मुहन्ना मनात म्हणाला. चोर तर चोर, वर नमाजी.

२

मामा एका मयताला इब्रीला गेला त्या दिवशी मुहन्ना खोकं घेऊन एकटाच साताकडं वळला. वाटेत टायर बसला. तो बदलेस्तोवर सूर्य बराच वर आला.

सात नंबर उम्म-सिद्रच्या पडक्या वस्तीशेजारी होता. वस्तीचं फलज आटलं तशी माणसं हमरस्त्यालगतच्या सरकारी घरांत गेली. फलज म्हणजे डोंगराच्या पोटातून भुयारानं आणलेला पाट. वर जमिनीवर त्याची फक्त तोंडं दिसतात, दगडानं बांधलेल्या अरुंद विहिरींसारखी, एका रांगेत. त्यातलं एक तोंड डब्याच्या मागं हाकेच्या अंतरावर कसलं, चार ढांगा टाकल्या की होतंच. माणसं गेली, खजुरीची झाडं उभ्या उभ्या वाळली, भिंती बसल्या. मामाच्याच वाडवडिलांचं गाव ते, पण मामा तिकडं तोंड करून थुंकतही नसे.

मुहन्नानं आधी पंखा पाहिला. पाती वाळूनं जाम. फेल्ट काढला तर तो विटेसारखा घट्ट. या डब्यातून गेलं वर्षभर वारा फिरलेला नव्हता. म्हणजे आतली यंत्रं केव्हाच मरायला हवी होती. त्यानं सवयीप्रमाणं दाराला हाताची मागची बाजू लावली. तळवा कुणी लावत नाही, सोलून निघतो.

दार गार होतं.

कमी तापलेलं नव्हतं, गारच होतं. माठाला हात लावावा तसं. आत हिरवे दिवे शहाण्या पोरांसारखे लुकलुकत होते.

मग टप्प असा आवाज आला. डब्याच्या छतावर गोणपाट टाकलेलं होतं आणि ते ओलं होतं. कडेनं पाणी गळत होतं. थेंब वाळूत पडला की वाळू तो गिळायची आणि डाग दिसेनासा व्हायचा.

ही युक्ती या धंद्यातली जुनीच. पंखा मेला, नवा यायला उशीर आहे, तर गोणपाट भिजवून टाकायचं आणि सुकलं की पुन्हा भिजवायचं. पण या उन्हात गोणपाट चहा निवायच्या आत कडक होतं. म्हणजे ज्यानं भिजवलं तो आत्ताच इथून गेला होता.

मुहन्नानं गर्रकन मागं वळून पाहिलं. चारी बाजूंना सपाट माळ. हलणारं काही नाही, उन्हाच्या झळा सोडून. गाडीच्या चाकांचे वण फक्त त्याच्या गाडीचे. पावलं फक्त त्याची.

"कोण आहे रे?" त्यानं ओरडून विचारलं. आवाज वस्तीतून जाऊन परत आला नाही. कुठंतरी आत गेला आणि तिथंच राहिला.

गोणपाट सुतळीनं चारी कोपऱ्यांना बांधलेलं होतं. सोडायला म्हणून त्यानं गाठीला हात घातला आणि हात तसाच राहिला. उंटाच्या पायाला घालतात ती गाठ होती, पण उलटी. त्याचा बाप डावखुरा होता. बापानं दोन्ही पोरांना शिकवली तीही डाव्या हाताची. बाप मेल्यावर अख्ख्या मुलखात ही गाठ उलटी बांधणारी दोनच माणसं उरली होती. एक तो स्वतः.

३

"मामांनी जेवायला बोलावलंय उद्या," आई म्हणाली. तिचं नाव शम्सा. तिनं भाताच्या परातीतून आधी एक वाटा काढला, मासळीचा मधला तुकडा त्यावर ठेवला, झाकण टाकलं. मग मुहन्नाला वाढलं. तो झाकलेला वाटा मगरिबपर्यंत, दिवस मावळेपर्यंत तसाच राहायचा, मग मांजरांना. वर्षभर मांजरं माजली होती.

"मी नाही येणार."

"तुझा मामा आहे तो."

"म्हणूनच."

आईनं परात बाजूला सारली. ती आता दुपारची झोपत नसे. सगळं गाव जेवून दारं लावून पडायचं, फोनसुद्धा मुके करून टाकायचं, कारण तिथं दुपारी फोन करणं म्हणजे एखाद्याच्या अंगावर पाणी ओतणं. गेल्या जुलैत एका दुपारी आईही तशीच झोपली होती. उठून पाहते तो फोनवर सुहैलचे कॉल येऊन गेलेले. एकामागून एक. तेव्हापासून ती फोन ओटीत घेऊन भिंतीला टेकून बसायची, डोळे उघडे ठेवून.

त्या दिवशी भर दुपारी साताचा पंखा जळाला होता. उन्हाच्या वेळी उघड्यावर काम करायला सरकारची बंदी आहे, पण मस्कतहून साहेब ओरडला आणि मामानं सुहैलला पिटाळलं. हे मामा लपवत नव्हता. चारचौघांत बसून सांगायचा, "मी त्याला फोनवर म्हटलं, तू डबा गार ठेव, मी येतोच. गेलो तर गाडी उभी आणि हा गायब! दिवस कलून असरची बांग होईपर्यंत शोधलं. हमरस्त्यानं कुणाच्या तरी गाडीत बसून दुबईला गेला असणार. पोरीबिरीचं काहीतरी."

आणि गावातले सगळे पांढऱ्या दाढ्यांचे तेच वाक्य म्हणायचे. दुबईला गेला असणार. एकानं तरी शारजा म्हणावं! खोटं एकाच मापाचं निघालं की समजावं, शिंपी एकच आहे.

"मुहन्ना," आई भांडी उचलताना म्हणाली, "ऑगस्ट सरता सरता सुहैल तारा उगवेल. गारवा येईल मग. त्याच आठवड्यात जन्मला होता ना आपला सुहैल."

त्यानं तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार? की तुझ्या पोराची गाठ बघून आलो? डबा तपासला, पंखा न बसवताच पळून आलो?

गोणपाट मात्र त्यानं सोडून आणलं होतं. ते गाडीच्या मागं पुठ्ठ्यासारखं ताठ होऊन पडलं होतं. संध्याकाळी त्यानं ते उचलून वाकवलं तेव्हा धाग्यांत काहीतरी चमकलं. नखाएवढा मासा. पांढुरका, वाळलेला. त्यानं तो तळहातावर घेऊन उलटा सुलटा केला. फलजाच्या आत, जिथं उजेड कधी जात नाही, तिथं असले मासे असायचे असं आजी सांगायची.

माशाला डोळे नव्हते. डोळ्यांची जागाही नव्हती.

४

मुहन्ना काही भुताखेतांना भिणारा नव्हता. तो माणसांना ओळखून होता, ते जास्त वाईट. त्यानं रात्रभर हिशेब जुळवून पाहिला. एखादा धनगर बकऱ्या घेऊन येत असेल. पण बकरीची लेंडी कुठं होती? हवेतली वाफ पत्र्यावर धरत असेल. जुलैत? मग मामाच. मामानं कुणालातरी चार पैसे देऊन ठेवलेत गोणपाट भिजवायला, पंख्याचे पैसे खिशात. गाठ? गाठ सुहैलनं कुणाला शिकवली असेल. मासा? मासा... माशाचं त्याला काही जुळेना, म्हणून त्यानं मासा सोडून दिला. हिशेब जुळत नसला की मोठी माणसंही तेच करतात, हे त्याच्या लक्षात आलं आणि स्वतःचाच राग आला.

सकाळी मामाला त्यानं सरळ विचारलं. "सातावर गोणपाट कोण भिजवतं?"

मामाचा काहव्याचा पेला ओठाशीच थांबला. "तू साताला गेलास?"

"पंखा बसवायला गेलो होतो. तुम्ही बसवायचा विसरलात ना."

"बसवलास?"

"नाही."

मामानं श्वास सोडला. तो सुटकेचा होता हे मुहन्नाला दिसलं. "मग नकोच बसवू. डबा चालतोय ना? चालत्या डब्यात हात घालू नये."

"डबा कशानं चालतोय, हे तरी सांगा."

"कॉलेज अर्ध्यात सोडणाऱ्यानं मला अक्कल शिकवू नये!" मामा एकदम खेकसला. "तुझ्या आईच्या तोंडाकडे बघून तुला कामावर घेतलंय. सात बरा आहे म्हटलं की बरा आहे!"

पेला खाली ठेवताना काहवा बशीत सांडला.

हमरस्त्यावर पेट्रोलपंपाशेजारी मोईदूचं चहाचं दुकान होतं. मोईदू केरळचा, वीस-बावीस वर्षं तिथं राहून अरबी शिव्यांत तरबेज झालेला. मुहन्नानं करक चहा सांगितला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "माझा भाऊ गेला त्या दिवशी मामा इथं आला होता का रे?"

"आला होता की. शटर ओढत होतो, दुपारचं. म्हटलं, चाचा, चहा बंद. तर म्हणतो पाणी दे. बाटली तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली. मग त्या कूलरसमोर उभा राहिला. भिजलेल्या कोंबडीसारखा थडथडत होता, आणि बाहेर तर आग!"

"तेव्हा असर झाली होती?"

"असर? डोकं फिरलं काय तुझं? जुहरच्या, दुपारच्या नमाजाचे लोक आत्ताच उठून गेले होते. म्हणून तर शटर." मोईदूनं त्याच्याकडं निरखून पाहिलं. "का रे? काय झालं?"

"काही नाही. साखर जास्त झाली."

"इतकी वर्षं तेवढीच घालतोय, आज तुला जास्त झाली होय!"

पंपापासून साताला जायला आणि परत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात मामा परतला होता. त्यानं शोधलं नव्हतं. तो तिथं जाऊन फक्त वळला होता.

५

त्याच दुपारी मुहन्ना पुन्हा गेला. यावेळी गाडी वस्तीच्या पलीकडं, टेकाडाआड उभी केली आणि एका पडक्या भिंतीमागं सावलीच्या पट्टीत पालथा झाला. डोक्याला ओला मुसार गुंडाळलेला. भिंतीच्या भोकातून डबा स्पष्ट दिसत होता. त्यावर नवं गोणपाट होतं आणि ते सुकलेलं दिसत होतं. येऊ दे कोण येतोय ते, तो म्हणाला. मामाचा माणूस असेल तर इथंच धुतो त्याला.

ऊन माथ्यावर आलं. सावल्या वस्तूंच्या खाली शिरून बसल्या. अशा वेळी वाळवंटात आवाज नसतात. माशीही बसून राहते. म्हणून तो आवाज त्याला लगेच कळला.

दगडावर दोर घासत होता.

लहानपणी तो आवाज त्यानं ऐकला होता, वस्ती जिवंत असताना. बाया फलजाच्या तोंडातून पोहरा ओढायच्या तेव्हा दोर असाच कुरकुरायचा. दोन ओढी, मग विसावा. दोन ओढी, विसावा. सुहैल असाच ओढायचा, आई त्यावरून त्याला आळशी म्हणायची.

मुहन्नानं भोकाला डोळा लावला. फलजाचं तोंड डब्याच्या मागं होतं, त्यामुळं दिसत नव्हतं. मग पाणी ओतल्याचा आवाज. मग ओलं कापड पत्र्यावर आपटावं तसा फट्ट असा आवाज, एकदा, नीट बसावं म्हणून.

तो उठून धावला. बिळातून निघाल्यासारखा, दगडाला ठेचकाळत. डब्याला वळसा घातला. कुणी नाही.

गोणपाट ओलंचिंब. पाणी कडेनं धारेनं गळत होतं.

आणि डब्याच्या धुळकट बाजूवर पाच बोटांचा ओला ठसा होता. कुणीतरी टेकून उभं राहावं तसा. डावा हात. मुहन्ना पाहत असताना तो ठसा कडेकडेनं आक्रसत गेला. आधी तळवा गेला, मग बोटं, शेवटी अंगठ्याचं टोक. मागं नुसती धूळ.

फलजाच्या तोंडातून गार हवा येत होती. त्याच्या पोटऱ्यांना ती लागली. इतकी बरी वाटली की तो एक पाऊल पुढं सरकला, आणि सरकलोय हे कळल्यावर टेकाडाआडच्या गाडीकडं धावत सुटला.

६

दुसऱ्या दिवशी काम आटपून घरी वळायच्या वाटेवर त्यानं गाडी साताकडं वळवली.

"ए, कुठं?" मामानं विचारलं.

"पंखा बसवायला."

"वळव गाडी. दुपार होत आलीय. बंदीची वेळ आहे."

"गेल्या वर्षी बंदी नव्हती काय?"

मामानं स्टीअरिंगला हात घातला. मुहन्नानं तो झटकला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मामाच्या अंगाला असा हात लावला होता, आणि दोघांनाही ते कळलं. मामा तोंडातल्या तोंडात कुराणाच्या आयती पुटपुटत राहिला. डबा दिसायला लागला तसा त्याचा आवाज वाढला.

गाडी डब्यासमोर उभी राहिली. एसीचा वारा सुटला होता. गोणपाट ओलं होतं.

"तुम्ही असरपर्यंत शोधत नव्हता," मुहन्ना म्हणाला. "मोईदूनं सांगितलं."

"त्या चहावाल्याचं काय ऐकतोस!"

"मामा, आईनं वर्षभर दुपारचा डोळा मिटलेला नाही. ती मांजरांना मासळी घालते. सांग मला, इथं काय बघितलंस?"

मामानं थर्मास घट्ट धरला. म्हातारा खरंच म्हातारा दिसत होता. आपल्याला दया येईल अशी मुहन्नाला क्षणभर भीती वाटली.

"मी आलो होतो," मामा म्हणाला. "म्हटल्याप्रमाणं आलो होतो. तो त्या तोंडात होता. कमरेपर्यंत उतरलेला, कोपर बाहेर टेकून. मला वाटलं, बरं केलं, सावलीला गेला. मी इथूनच, काच खाली करून म्हटलं, बाहेर ये गाढवा. तर तो हसला. म्हणाला, मामा, ये की. इथं गार आहे."

"मग?"

"त्याचे केस ओले होते रे." मामाचा आवाज बारीक झाला. "कपाळावरनं पाणी ओघळत होतं. त्या फलजाला अकरा वर्षं थेंब नाही, मुहन्ना. मी स्वतः शेवटच्या सफाईला उतरलोय त्यात. तळाला नुसती भुकटी. आणि तो असा बोलत होता, असा... त्यानं कधी मला ये की म्हटलं नव्हतं. ते त्याचं बोलणं नव्हतं."

"आणि तू गाडी वळवलीस."

"माणसं आणायला!"

"आणलीस?"

"संध्याकाळी आम्ही चौघं आलो. बॅटरी दोराला बांधून सोडली. तळाला वाळू, कोरडी ठाक. माणूस नाही, चप्पल नाही. आता तूच सांग, तुझ्या आईला काय सांगायचं होतं?"

"म्हणून दुबई."

"दुबई बरी, असं ठरलं."

असं ठरलं. मुहन्नाला वाटलं, याचं डोकं डॅशबोर्डवर आपटावं. चार दाढ्या बसल्या, काहवा प्याल्या आणि एका जित्या माणसाला दुबईला पाठवून मोकळ्या झाल्या. आणि सुहैल मात्र कुणीतरी येतो म्हणालंय म्हणून अजून डबा गार ठेवतोय.

"उतर खाली," तो म्हणाला. "त्या तोंडापाशी जा आणि सांग, मी आलोय. पुरे कर, घरी चल. बाकी काही नको."

"तुला ऊन लागलंय."

"तू येतो म्हणाला होतास!"

"मी उतरणार नाही," मामा म्हणाला, आणि त्यानं दाराचं बटण आतून दाबलं.

मुहन्ना आपल्या बाजूनं उतरला. दार त्यानं इतक्या जोरात आपटलं की आरसा हलला. इंजिन चालू होतं. बंद करायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. उन्हाळ्यात कुणीच बंद करत नाही.

७

बाहेर ऊन नव्हतं, भट्टी होती. तो डब्याला वळसा घालून फलजाच्या तोंडाशी गेला आणि दोन ढांगांवर थांबला. आत काळोख, गोल आणि स्वच्छ. गारवा तोंडावर आला. ओल्या मातीचा वास, आणि त्यात घरच्या लोबानाचा, आई शुक्रवारी कपड्यांना धुरी देते तसा.

"सुहैल," तो म्हणाला. मग मोठ्यानं, "सुहैल! मामा आलाय! बस झालं, घरी चल!"

दोर घासायला लागला.

दोन ओढी, विसावा. दोन ओढी, विसावा. मग काठावर एक डबडं टेकलं, कापलेल्या तेलाच्या डब्याचं, पाण्यानं काठोकाठ भरलेलं. डबडं धरलेला हात मनगटापर्यंत उन्हात आला. पाण्यात फार वेळ राहिल्यावर बोटं सुरकुततात, तशी ती बोटं होती, पण सुरकुत्या बोटांवर थांबल्या नव्हत्या, मनगटापर्यंत गेल्या होत्या. कातडीचा रंग त्या माशाचा. नखं नव्हती, किंवा इतकी पांढरी होती की दिसत नव्हती. मनगटावर काळा गोफ होता. तो आईनं विणलेला. तसाच मुहन्नाच्या हातात होता.

हातानं डबडं सोडलं. मग तो आंधळ्यासारखा काठावरून चाचपत फिरला, दगडावर, वाळूवर, जणू कुणाचा तरी पाय शोधतोय.

"मामा!" मुहन्नानं मागं न वळता हाक मारली. "मामा, उतर! एकदाच येऊन सांग त्याला!"

गाडीचं इंजिन गुरगुरत होतं. मग त्याचा सूर बदलला.

मुहन्ना वळला तेव्हा मामा सरकून त्याच्या सीटवर बसला होता. दोघांची नजर काचेतून मिळाली. म्हाताऱ्याचं तोंड उघडं होतं, लहान पोरासारखं. गाडी मागं गेली, वळली, धूळ उडवत निघाली. पाण्याचे कॅन मागच्या हौद्यात आदळत होते, तो आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

फलजाच्या तोंडातला हातही थांबून ऐकत होता. गाडी जाताना ऐकायची त्याला सवय असावी. आवाज पुरता विरल्यावर बोटं सावकाश मिटली आणि आत गेली. डबडं काठावरच राहिलं.

मुहन्ना डब्याच्या सावलीत पाठ टेकून बसला. सावली कमरेएवढी उरली होती, पाय उन्हात. हमरस्ता दोन तासांच्या चालीवर. जीभ टाळूला चिकटली होती. पाठीला पत्रा गार लागत होता. वरून एक थेंब मानेवर पडला, मग दुसरा, आणि त्याला ते हवंसं वाटलं.

खिशात फोन थरथरला. मामाचा निरोप होता. सावलीत थांब. मी माणसं घेऊन येतोच.

डबा गार होता, म्हणून निरोप लगेच पोहोचला होता.

त्यानं तो पुन्हा वाचला नाही. आईला फोन लावला. सगळं गाव या घडीला दारं लावून पडलेलं, पण पहिली घंटा पुरती वाजायच्या आत तिनं उचलला. तिचा श्वास ऐकू आला. तिला काय सांगायचं ते त्यानं जुळवून ठेवलं होतं: मोईदूला उठव, गाडी पाठव, मामावर विसंबू नकोस.

"मुहन्ना? कुठं आहेस तू?"

"सातापाशी."

"या वेळेला?" ती घाबरली. "ऊन लागतंय का रे तुला? काय होतंय?"

मानेवरून पाणी पाठीत उतरत होतं. केस भिजले होते. काठावरलं डबडं कुणी कधी हलवलं ते त्याला कळलं नव्हतं, पण ते आता त्याच्या मांडीजवळ होतं.

"नाही गं," तो म्हणाला. बोलताना आपण हसतोय हे त्याला जाणवलं, आणि थांबता येईना. "तू ये की. इथं गार आहे."